लग्नासाठी पीच आणि मोतिया फुलं: विदर्भातल्या गावच्या मांडवाचा हिशोब

पीच आणि मोतिया (सायीसारखा पिवळसर पांढरा) ही रंगांची जोडी दिसायला जितकी देखणी, तितकीच सांभाळायला नाजूक. लाल-पिवळ्या मांडवात एखादं फूल सुकलं, रंग थोडा उतरला, तरी खपून जातं. इथे खपत नाही. सायीच्या रंगाच्या पाकळीवर नुसता अंगठा दाबला तरी दोन तासांत तिथे तपकिरी डाग उमटतो. त्यात आपल्याकडची कितीतरी लग्नं एप्रिल-मेमध्ये, पारा ४४-४५ अंशांवर असताना लागतात. म्हणून सगळा बेत एकाच गोष्टीवर बांधावा: मोतिया रंग गावातून आणि आसपासच्या वावरांतून भरपूर भरायचा, पीच मात्र बाहेरून मोजून आणायचा आणि जिथे लोकांचे डोळे आणि कॅमेरा जातो तिथेच लावायचा.

फुलवाल्याला रंगाचा तुकडा द्या

फोनवर नुसतं 'पीच' सांगितलं की कुणी केशरी जर्बेरा पाठवतो, कुणी फिका गुलाबी गुलाब. त्यांची चूक म्हणता येत नाही, कारण पीच दोन तऱ्हेचा असतो. एक गुलाबीकडे झुकलेला, फिक्या अबोलीसारखा. दुसरा पिवळ्याकडे झुकलेला, नुकत्या पिकू लागलेल्या पपईच्या गरासारखा. दोन्ही एकाच स्टेजवर आले की त्यातला एक हमखास मळका दिसतो. एकच धरा. कुठला, ते नवरीच्या शालूवरून ठरवा. सोनेरी जर जास्त असेल तर पिवळसर पीच, रुपेरी जर किंवा गुलाबी काठ असेल तर गुलाबीसर. ब्लाऊजपीसमधला चार बोटं तुकडा बाजारात सोबत न्या, फूल त्यावर ठेवा आणि दुकानातल्या बल्बखाली न बघता बाहेर उजेडात बघा.

मोतियाचंही तेच. पांढरी शेवंती, जिप्सो (बारीक पांढऱ्या फुलांचे तुरे), ताजा मोगरा हे शुभ्र पांढरे, नीळ दिलेल्या धोतरासारखे. निशिगंध, क्रीम ग्लॅडिओलस, पांढरा चाफा, कापूस यांच्यात किंचित पिवळसर झाक असते. पीचच्या लगेच शेजारी ही पिवळसर झाकेची फुलं ठेवावीत. शुभ्र फुलं टाळायची गरज नाही, पण ती मागच्या बाजूला आणि हिरव्या पानांच्या आडून असू द्या. कपाशीचं फूल उमलतं तेव्हा सायीच्या रंगाचं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. धुऱ्यावर (बांधावर) उभं राहून एकाच झाडावरची दोन्ही फुलं एकदा नीट पाहा, ही जोडी का शोभते ते लगेच डोळ्यांत भरतं. (फुलं तोडू मात्र नका. एक फूल म्हणजे एक बोंड, आणि तोडलेलं फूल टिकतही नाही.)

फुलांच्या आधी बिछायत केंद्रवाल्याशी (मांडव, पडदे भाड्यानं देणाऱ्याशी) बोला, हे बहुतेक घरी राहून जातं. बिछायतीचं पांढरं सॅटिन निळसर असतं. त्यापुढे ताजा निशिगंधही शिळा वाटतो. 'क्रीम कापड आहे का' असं विचारा आणि स्टेजमागचा पडदा तरी क्रीमच घ्या. दुसरी अडचण हिरव्या नेटची. उन्हाळ्यात दिवसाचा मुहूर्त असेल तर मांडवावर हिरवी नेट असते आणि तिच्यातून झिरपणारा उजेड पीचला अगदी मातकट करून टाकतो. स्टेजच्या वर तरी नेटखाली पांढऱ्या कापडाची झालर ताणून घ्या. गोरज मुहूर्त असेल तर दिवे तपासा: पिवळ्या हॅलोजनखाली पीच केशरी होतो आणि मोतिया पिवळा पडतो, निळसर एलईडीखाली पीच राखाडी दिसतो. फिका पिवळसर, ज्याला दुकानात 'वॉर्म व्हाईट' म्हणतात, तो एलईडी लावायला सांगा. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी दिवे लावून चार फुलांचा मोबाईलवर फोटो काढून बघा.

झेंडूचं काय, हा प्रश्न घरातली मोठी माणसं विचारणारच, आणि रास्तच आहे. झेंडू आणि आंब्याच्या पानांचं तोरण दाराला, हळदीच्या जागेला, देवकाला खुशाल असू द्या. फक्त स्टेजवर आणि हारात नको. झेंडूचा केशरी इतका जोरकस असतो की त्याच्या दोन हात अंतरावरचा पीच धुवून रंग गेलेल्या कापडासारखा दिसतो. बौद्ध पद्धतीच्या लग्नात वधू-वर पांढऱ्या वस्त्रांत असतात, तिथे ही जोडी आपसूक जमते. तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना निशिगंधाचे पूर्ण मोतिया हार आणि पीच फक्त स्टेजच्या कोपऱ्यांना, एवढं पुरेसं होतं.

हंगामात काय मिळतं

तुळशीच्या लग्नापासून जानेवारीपर्यंतचा काळ या रंगांसाठी सगळ्यात सोपा. शेवंती भरपूर, ग्लॅडिओलस पीच आणि क्रीम दोन्हींत मिळतो, गुलाबाच्या पाकळ्या जाड असतात. शिवाय या दिवसांत आपल्या वावरात मोतिया रंगाचा साठाच उभा असतो: फुटलेल्या बोंडांची पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं. दोन-अडीच फुटांच्या फांद्या कापा, पानं काढून टाका, सावलीत दोन दिवस उलट्या टांगा. ही बोंडं पाण्याशिवाय कितीही दिवस राहतात, म्हणून स्टेजची मागची बाजू आणि मांडवाचे खांब आठवडाभर आधीच करून ठेवता येतात. बोंडं निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. बोंडअळीनं खाल्लेल्या बोंडातला कापूस पिवळा, चिकटलेला, कवडी झालेला असतो आणि फोटोत घाण वाटतो. फवारणी होऊन फार दिवस झाले नसतील तर त्या वावरातल्या फांद्या घेऊ नका, आणि ताटांच्या, पंगतीच्या जवळ तर कधीच लावू नका. कापूस ठिणगीनं पेटतो. होमापासून, समईपासून आणि फटाक्यांच्या बाजूपासून निदान दहा फूट दूर.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गव्हाच्या ओंब्या हाताशी असतात. पिकायला आलेल्या, पण अजून पूर्ण न वाळलेल्या ओंब्यांची मूठभर जुडी मोतिया फुलांत छान मिसळते. १४ फेब्रुवारीच्या आसपास गुलाब महाग होतो, तेव्हा तारीख जवळ असेल तर जर्बेरा किंवा कार्नेशनकडे वळा.

एप्रिल ते जून हा कसोटीचा काळ. गावात मोगरा असतो, पांढरा चाफा असतो, पाणी असलेल्या मळ्यात निशिगंध असतो. पीचसाठी दोन वाटा. एक, बाहेरून येणारा डच गुलाब (लांब देठाचा, मोठ्या फुलाचा). दुसरी, शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या, कुणाच्या वाड्याच्या कुंपणावरची बोगनवेल. तिच्यात फिका अबोली आणि पांढरा हे दोन्ही रंग सापडतात. बोगनवेलीची फांदी कापली की पाण्यात ठेवूनही लवकर मान टाकते, त्यामुळे फुलदाणीत तिचा उपयोग नाही. पण तिच्या रंगीत पाकळ्या मुळात कागदासारख्या असतात, सुकल्या तरी रंग धरून राहतात. त्या सुट्या करून पायघडीच्या दोन्ही बाजूंना पट्टा, पाटाभोवतीची रांगोळी, अक्षतांच्या ताटांची कड सजवा. विचारूनच तोडा आणि काट्यांना सांभाळा.

चाफ्याच्या देठातून चीक येतो. तोडल्यावर फुलं अर्धा तास देठ खाली करून पसरून ठेवा, चीक सुकला की मग हाताळा, नाहीतर फुलावरच ओघळतो आणि डाग पडतो. पीच रंगाची बिट्टी आणि फिकी कण्हेर बांधावर सहज दिसते आणि मोह होतो. नको. दोन्ही विषारी आहेत, बिट्टीचं बी तर फारच. लग्नघरात लहान पोरं असतात आणि उरलेली फुलं शेवटी गुराढोरांपुढे जातात.

किती फुलं लागतील

पूर्ण भिंत फुलांची करायचा विचार असेल तर आधी गणित करा. उमललेल्या डच गुलाबानं एक चौरस फूट झाकायला २० ते २५ फुलं लागतात. १२ बाय ८ फुटांचा पडदा म्हणजे ९६ चौरस फूट, म्हणजे एकोणीसशे ते चोवीसशे गुलाब. गावच्या लग्नाला हे करू नये, आणि गरजही नसते. पडद्याचे दोन कोपरे धरा, एक वरचा आणि त्याच्या तिरक्या समोरचा खालचा, मिळून साधारण आठ चौरस फूट. त्यात निम्मी जागा पानांना आणि मोतिया फुलांना दिली की ९० गुलाब पुरतात. दोन वरमालांना मिळून २४. नवरीच्या वेणीत ६. वर-वधूच्या सोफ्याला २०, गाडीला २०. झाले १६०. उन्हाळ्यात पाचातलं एक वाया जाईल असं धरून २०० मागवा. डच गुलाबाची गड्डी २० ची येते, म्हणजे १० गड्ड्या. थंडीत ९ भागतात.

निशिगंध सुटा, किलोवर घ्या. हार-लडींना एकेरी निशिगंध बरा, वासही त्यालाच जास्त. दुहेरीच्या काड्या फुलदाणीसाठी. फुलात फूल ओवून केलेल्या आठ फुटी लडीला ६०-७० फुलं, म्हणजे साधारण ७०-८० ग्रॅम लागतात. चार खांबांना सहा-सहा आणि मागच्या पडद्यावर वीस अशा ४४ लडींना सव्वातीन किलो, दोन जाड हारांना दोन किलो. निवडताना मोडकी, डागी फुलं निघतात ती धरून साडेसहा किलो सांगा. मोगऱ्याच्या पाव किलो कळ्यांत हातभर लांबीचे सहा-सात गजरे होतात. जवळच्या बायकांची संख्या मोजून त्यावरून ठरवा.

बाजारातून आणताना

विदर्भात मिळणारा पीच डच गुलाब बहुतांशी पुणे-नाशिक किंवा बंगळूरच्या बाजूच्या पॉलिहाऊसमधून येतो. नागपूरला सीताबर्डीच्या फूलबाजारात किंवा आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या फुलवाल्याकडे १५ दिवस आधी सांगून ठेवा आणि तीन दिवस आधी पुन्हा खात्री करा. पांढऱ्यात 'ॲव्हलांच' आणि फिक्या अबोलीत 'पीच ॲव्हलांच' ही जात मागा. ती नसेल तर काय द्याल, ते तेव्हाच ठरवून घ्या. नाहीतर ऐन वेळी केशरी गुलाब गळ्यात पडतो.

देठाची लांबी जितकी जास्त, तितका भाव जास्त. स्टेजवर आपण देठ वीतभर कापणारच, मग ६० सेंटीमीटरचा माल कशाला? ४० चा घ्या. गुलाब दाबून बघा: बुडाशी टणक लागला तर ताजा, मऊ लागला तर शिळा. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या किंचित सुटलेल्या हव्यात. अगदी बंद, टोकदार कळी लग्नापर्यंत उमलतच नाही आणि तिचा पीच रंग आतच राहतो. बाहेरच्या हिरवट, चुरगळलेल्या दोन-तीन पाकळ्या बघून माल नाकारू नका. त्या आतल्या पाकळ्यांना जपतात. प्रवासात राहू द्या, लावायच्या वेळी बुडातून हलक्या हातानं खाली ओढून काढा. आतला रंग मग एकदम उजळतो.

रंगवलेल्या फुलांपासून सावध. पांढरी शेवंती, जिप्सो, निशिगंध रंगात बुडवून किंवा फवारून 'पीच' म्हणून विकतात. पांढरा रुमाल ओला करून पाकळीवर घासा आणि देठ कापून बघा. रुमालाला रंग लागला, किंवा देठाच्या आत रंगीत ठिपके दिसले, तर हारासाठी बिलकूल घेऊ नका. घामानं तो रंग शालूवर आणि शेरवानीवर उतरतो.

आणायला रात्रीची गाडी बरी. गुलाब पुठ्ठ्याच्या खोक्यात, गड्डीचा कागद न सोडता. खोक्याला भोकं हवीत. प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून आणले की आत वाफ धरते आणि फिक्या पाकळ्यांवर बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात. लाल गुलाबावर ते लपतात, मोतियावर लपत नाहीत. निशिगंध ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात सैल गुंडाळा.

रात्रभर कूलरच्या खोलीत

घरातली एक खोली रिकामी करा. फरशी धुऊन ओली ठेवा, कूलर लावा, समोरची एक खिडकी बोटभर उघडी ठेवा, म्हणजे दमट हवा बाहेर जाईल. हवेचा झोत फुलांवर सरळ येऊ देऊ नका, पाकळ्यांच्या कडा वाळतात. कोरड्या उन्हाळ्यात हे उत्तम चालतं. जूनअखेरीस पाऊस सुरू झाल्यावर कूलरनं गारवा येत नाही, तेव्हा नुसता पंखा आणि उघड्या खिडक्या. वीज गेली तर खिडक्यांवर ओली पोती टांगा.

बादल्या आधी ब्लीचिंग पावडरनं घासून धुवा. गुलाबाचं देठ पाण्याखाली धरून, बुडातून दोन-तीन सेंटीमीटर तिरकं कापा आणि पाण्यात बुडणारी पानं काढून टाका. दर लिटर पाण्याला एक चमचा साखर आणि दोन चमचे लिंबाचा रस घाला. मात्र बादली स्वच्छ असेल तरच साखर घाला. घाणेरड्या बादलीत साखरेमुळे जंतू वाढतात, देठाला बुळबुळीत थर धरतो आणि पाणी वर चढत नाही. गुलाब वीतभर खोल पाण्यात, पण जर्बेरा फक्त दोन-तीन इंचांत, कारण त्याचं लवदार देठ जास्त पाण्यात कुजतं. वापरण्याआधी निदान चार-सहा तास फुलांनी पाणी प्यायला हवं.

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा: त्या खोलीत आंब्याची अढी नको, केळीचा घडही नको. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्यानं फुलं वेळेआधी म्हातारी होतात. कार्नेशन तर एका रात्रीत मिटतं. मेमधलं लग्न म्हणजे आमरस आलाच, आणि आंबे ठेवायला सगळ्यांना हीच गार खोली सापडते.

गुलाबानं मान टाकलेली दिसली तर फेकू नका. देठात हवा अडकलेली असते. पुन्हा पाण्याखाली कापा, फुलाभोवती वर्तमानपत्र घट्ट गुंडाळून मान सरळ करा, आणि कोमट पाण्यात गळ्यापर्यंत दीड-दोन तास उभं ठेवा. बरेचसे गुलाब सावरतात.

हार, गजरा आणि स्टेज

मोगऱ्याच्या टपोऱ्या पांढऱ्या कळ्या पहाटे तोडा, त्या संध्याकाळी उमलतात. गजरे सकाळीच करून ओल्या मलमलीत गुंडाळा आणि आतून कोरड्या माठात ठेवा. माठ ओल्या वाळूवर. फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवले तर काळे पडतात.

हारासाठी निशिगंध पाण्यात बुडवायचा नाही, फक्त शिंतोडा द्यायचा. ओवताना सुई फुलाच्या देठाच्या जाड भागातून घाला, पाकळीला बोट लावू नका. लांबी उभ्या माणसाच्या गळ्यापासून बेंबीच्या थोडं खाली असू द्या. गुलाब सगळीकडे विखरू नका. प्रत्येक हारात बारा: खाली पदकाला सहा, दोन्ही बाजूंना छातीच्या उंचीवर तीन-तीन. फोटोत तेवढंच दिसतं. लिली वापरत असाल तर उमलताच आतले तपकिरी परागकोश चिमटीनं काढून टाका. कपड्यावर पराग पडलाच तर चोळू नका, ओलं फडकं लावू नका. चिकटपट्टीनं टिपून घ्या.

स्टेजला हिरवा फोम (पाणी शोषून देठं धरून ठेवणारी वीट) वापरायचा असेल तर तो पाण्यावर ठेवून आपोआप बुडू द्या. दाबून बुडवला की मध्ये कोरडा राहतो आणि नेमकी मधली फुलं आधी सुकतात. फोमची एक वीट दोनेक लिटर पाणी पिते, त्या वजनाचा विचार करूनच बांधा. फोम मिळाला नाही तर केळीचा खांब घ्या, आम्हांला तो जास्तच पसंत आहे. हातभर तुकडा आडवा बांधा, काडीनं आधी भोक पाडा, मग देठ खोचा. गाभ्यातल्या ओलाव्यावर फुलं दिवसभर राहतात. मागे प्लास्टिक लावायला विसरू नका, केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही.

लावायचा क्रम ठरलेला ठेवा. पऱ्हाटी आदल्या दिवशी, अशोकाची आणि कामिनीची पानं सकाळी, निशिगंधाच्या लडी मुहूर्ताच्या तीन तास आधी. पीच गुलाब शेवटच्या दीड तासात, हळदीचं आणि कुंकवाचं काम आटोपलेल्या, हात धुतलेल्या माणसांकडूनच. हळदीचं बोट मोतिया पाकळीला लागलं की ती पाकळी गेलीच. गुलाब एकटा-एकटा न लावता तीन आणि पाचच्या झुपक्यांत, मोठे उमललेले खाली, अर्धे उघडे वर. शेवटी पंधरा-वीस गुलाब बादलीत राखून ठेवा. वरमालेच्या वेळी गर्दीत एक-दोन तुटतात आणि त्या जागा लगेच भराव्या लागतात.

मांडव सोडवताना फुलं वेगळी, दोरे-तारा वेगळ्या आणि फोम वेगळा करा. फोम कुजत नाही, तो उकिरड्यात टाकू नका. बाजारातून आणलेल्या गुलाबांवर औषध मारलेलं असतं, ते गुरांना न घालता खताच्या खड्ड्यात टाका. केळीचा खांब तारा काढून तिथेच तुकडे करून टाकला तरी चालतो.